पाणी कोण सोडणार

हयवदन रावांना राग येतो, हे जे. पी. नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कशाचा येतो, ते फार थोड्यांना. कुणी गाडी आडवी लावली, लिफ्ट बंद पडली, वरच्या मजल्यावरून शेंगांची टरफलं अंगावर आली, तरी ते हसून सोडून देत. पण टीव्हीवर कुठल्याशा देशातली लढाई संपल्याची बातमी लागली, आणि टाय लावलेली चार माणसं आता तिथला कारभार कुणी पाहायचा याची चर्चा करू लागली, की म्हातारा ताडकन उठे. रिमोट शोधण्याइतका दम नसे, म्हणून भिंतीवरचं बटणच बंद करी.

"लढाई संपली म्हणे," ते म्हणत. "आता तर सुरू होते."

वसुमती, त्यांची बायको, भाजी निवडून होईपर्यंत थांबे आणि बटण परत लावी.

घराणं बेंगळुरूचं जुनं. मराठ्यांच्या फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे उतरलेलं आणि इथेच मुरलेलं. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड अशी कालवलेली की पुण्याचा पाहुणा पहिले दोन दिवस नुसती मान हलवी. "आम्हीपण फौजेबरोबरच आलो की," हयवदन राव सांगत. "पण आमच्या मूळपुरुषाला स्वल्प अक्कल होती. आल्या आल्या त्यानं गावच्या शानभोगाला, म्हणजे तुमच्या कुलकर्ण्याला, हाकलला नाही. कुठल्या तळ्याचं पाणी कुठल्या शेताला आणि पाळी कुणाची, सगळं त्याच्या डोक्यात. त्याच्यापुढे मांडी घालून बसला आणि शिकला." यातलं खरं किती आणि घरच्यांनी रचलेलं किती, देव जाणे. पण सांगताना त्यांचा आवाज चढत जाई, आणि ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बोलतच नाहीये.

स्वतः ते पाण्याचे इंजिनियर. उभी उमेद शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. पन्नाशीला आल्यावर नोकरी सोडून आखातातल्या एका कंपनीत गेले, आणि २००३च्या उन्हाळ्यात त्या कंपनीनं त्यांना इराकमध्ये पाठवलं. देश नुकताच पडला होता. परकी फौज रस्त्यावर होती. दक्षिणेतल्या एका नदीकाठच्या शहराचं जलशुद्धीकरण केंद्र पुन्हा उभं करायचं कंत्राट कंपनीच्या उपकंपनीच्या उपकंपनीला मिळालं होतं.

तिथे त्यांना काझिम भेटला.

काझिम त्या केंद्राचा मुख्य इंजिनियर. जाडजूड, मिशाळ, दम्याचा आजारी. रीम नावाची एकुलती मुलगी होती, म्हणून सगळे त्याला अबू रीम म्हणत, रीमचा बाप. निर्बंधांमुळे बारा-तेरा वर्षं त्या देशाला बाहेरून एक सुटा भाग मिळत नव्हता. त्या काळात याने पाच पंपांतले दोन मारून त्यांच्या हाडामांसावर तीन जगवले होते. हयवदन राव पहिल्या दिवशी पंपघरात शिरले तर एका व्हॉल्व्हचं चाक ट्रकच्या स्टीअरिंगचं होतं. ते हसले. काझिमही हसला. मग त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे चाक उलटं फिरतं. उघडायचं तर बंद करायच्या बाजूला फिरवा, कारण आतला दांडा दुसऱ्याच व्हॉल्व्हचा आहे.

अशा शंभर गोष्टी होत्या, आणि त्या कुठल्याही नकाशात नव्हत्या. शहराच्या जुन्या भागातल्या नळ्या इतक्या सडलेल्या की एकदम दाब दिला तर फाटत. म्हणून पाणी आधी खालच्या वस्तीत सोडायचं, नळ्यांतली हवा हळूहळू निघू द्यायची, मग दुसरा पंप, आणि तिसरा तर दुपार टळल्यावरच. हे काझिमला आणि त्याच्या दोन फोरमनना माहीत होतं. महिनाभरात हयवदन रावांना त्यातलं निम्मं समजलं, आणि निम्मं समजलं याचाच त्यांना अभिमान वाटला.

मग हुकूम आला.

हुकूम बगदादहून निघालेला. जुन्या राजवटीच्या पक्षात वरच्या चार पायऱ्यांवर जो कुणी असेल, त्याला सरकारी कामातून काढा. काझिम वरून चौथ्या पायरीवर होता. त्या देशात मुख्य इंजिनियर व्हायचं तर पक्षात असावंच लागे; नसेल तो असिस्टंट म्हणून म्हातारा होई. काझिमने कुणाला छळलं नव्हतं, कुणाची चहाडी केली नव्हती. सभांना जाऊन टाळ्या वाजवायचा आणि परत येऊन पंपांना ग्रीस लावायचा.

हुकूम घेऊन आलेला नव्या प्रशासनातला अधिकारी पंचविशीतला होता. डोक्यावर हेल्मेट, सोबतीला दुभाषा. वागायला वाईट नव्हता. पाण्याची बाटली त्याने आधी काझिमपुढे केली.

"याला काढला तर पाणी कोण सोडणार?" हयवदन रावांनी विचारलं.

"सर, हे तत्त्वाचं आहे," तो म्हणाला. "जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर असंच केलं होतं. आणि बघा, जर्मनी आज कुठे आहे."

हयवदन रावांना तेव्हा जर्मनीचं काही माहीत नव्हतं. पुढे बेंगळुरूला परतल्यावर रागाच्या भरात त्यांनी वाचून काढलं. जर्मनीत प्रत्येकाला भलीमोठी प्रश्नावली भरायला लावली होती खरी, पण रेल्वे, वीज, शाळा चालेनात म्हणून काही वर्षांत बहुतेकांना परत आणावं लागलं. त्यात काही खरे खुनीही मागच्या दाराने आत आले आणि पेन्शन खाऊन मेले. जपानात तर कारकुनांना बहुतांशी हातच लावला नव्हता. त्यांच्याकडूनच राज्य चालवून घेतलं. म्हणजे तो पोरगा ज्या धड्याचा हवाला देत होता, त्याचं त्याने पहिलं पानच वाचलेलं होतं. हे कळल्यावर त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेव्हा सांगायला समोर कुणी नव्हतं. वसुमती होती, तिला सांगितलं.

काझिम दुपारी डबा घेऊन घरी गेला. दोन्ही फोरमन त्याच्या मागोमाग. त्यांना कुणी काढलं नव्हतं, पण उद्या आपली पाळी, असं त्यांना वाटलं. नवा व्यवस्थापक आला तो परदेशातून परतलेल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या. पक्षात कधीच नव्हता, कारण वीस वर्षं देशातच नव्हता. परमुलखात मोटारी विकत होता. त्याला शहराला खूश करायचं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्याने तिन्ही पंप एकदम लावले. हयवदन राव धावत पंपघरात पोचेपर्यंत जुन्या भागात मेन लाइन चार ठिकाणी फाटली होती. शेजारून गटार वाहत होतं. दाब उतरला तसं गटार आत ओढलं गेलं. आठवड्याभरात दवाखान्यांच्या ओसऱ्यांवर जुलाबाची पोरं ओळीने निजवलेली होती.

हयवदन रावांनी त्या दिवशी पुतण्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवली. ते तडक काझिमच्या घरी गेले.

"चल," ते म्हणाले.

"मला फाटकातून आत घेणार नाहीत."

"इंजिनियर म्हणून घेणार नाहीत. माळी म्हणून घेतील."

केंद्राच्या आवारात खजुराची झाडं होती आणि त्यांना पाणी घालायला रोजंदारीची माणसं लागत. मुकादम काझिमच्या ओळखीतलाच. दुसऱ्या दिवसापासून मुख्य इंजिनियर डोक्याला फडकं गुंडाळून हातात रबरी नळी घेऊन आवारात येऊ लागला. झाडांना पाणी घालता घालता पंपघराच्या खिडकीपाशी उभा राही आणि आतला आवाज ऐके. बोटं उभी करून खुणा करी: एक, थांब, आता दोन. फोरमन परतले. पुतण्याला आपण चालवतो असं वाटत राहिलं, आणि त्याला तसं वाटू देण्यात सगळ्यांचं हित होतं. उन्हाळा सरला, थंडी आली. शहराला पाणी मिळत होतं. हयवदन राव म्हणत, नोकरीत त्यांनी केलेलं सगळ्यांत मोठं काम कुठलं, तर एका माळ्याची भरती.

मग फौजेनं फोटोचे आणि अंगठ्याचे नवे पास काढले. काझिमचा अंगठा यंत्रावर टेकला आणि कामावरून काढताना घेतलेल्या ठशावरून यंत्राने त्याचं खरं नाव सांगितलं. सैनिकांनी त्याला जागच्या जागी पालथा पाडला. त्यांचा हिशेब सरळ होता: काढून टाकलेला पक्षाचा माणूस वेष पालटून पाण्याच्या केंद्रात कशाला शिरेल? विष कालवायलाच.

हयवदन राव चौकीवर गेले. अधिकाऱ्याला सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, वर कळवतो म्हणाला, आणि पंधरवड्याने त्याची मुदत संपून तो मायदेशी गेला. नवा आला. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, कागद बघतो. मग तोही गेला. काझिम तारेच्या कुंपणाआडच्या तंबूत होता, आणि त्याचा दम्याचा पंप घरी, कपाटावर. तिसऱ्या अधिकाऱ्यासमोर हयवदन राव ओरडले. हिंदुस्थानी कंत्राटदार फौजेच्या माणसावर ओरडला, म्हणून कंपनीने त्यांचं कंत्राट तोडलं आणि त्यांना विमानात बसवलं.

काझिम काही महिन्यांनी सुटला. केंद्रात परत गेला नाही. कुणी बोलावलंच नाही. तंबूतल्या थंडीने छाती कायमची गेली होती. काही वर्षांनी वारला. ते रीमने फोनवर कळवलं. तिचं लग्न झालं होतं आणि ती शाळेत शिकवत होती. तेव्हापासून दर ईदला हयवदन राव तिला फोन करत.

हे सगळं वीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कंपनीने नाही, सरकारने नाही, वर्तमानपत्राने नाही. सुखदाने विचारलं.

सुखदा त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. पुण्याची, तिशी ओलांडलेली, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळणारी. वसुमतीकडे फिल्टर कॉफी शिकायला आली आणि तेवढ्या ओळखीवर घरचीच झाली. एका शनिवारी सकाळी ती हयवदन रावांसमोर बसली.

"काका, वसुमतीअक्का म्हणाल्या तुम्ही इराकमध्ये होतात. वॉरनंतर लगेच."

"होतो."

"आमचा प्रोजेक्ट त्यावरच आहे. म्हणजे इराकवर नाही. एखाद्या देशात लढाई संपल्यावर बाहेरच्या लोकांना तिथलं ॲडमिनिस्ट्रेशन चालवावं लागतं ना, तर त्यांच्यासाठी प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर. आधीच्या ऑक्युपेशन्समधून काय शिकायचं, तो सगळा डेटा आम्ही गोळा करतोय. जर्मनी, जपान, इराक, अफगाणिस्तान. पण सगळं रिपोर्ट्समधलं. प्रत्यक्ष तिथे काम केलेला माणूस मला एकही भेटला नव्हता."

हयवदन रावांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग वसुमतीला म्हणाले, "कॉफी ठेव. ही मुलगी बसणार आहे."

कितीतरी शनिवार ती बसली. फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. चांगली ऐकणारी होती. मध्ये तोडत नसे, आणि विचारी ते नेमकं विचारी. ट्रकच्या स्टीअरिंगला ती खळखळून हसली. तंबूपाशी आल्यावर तिने मान खाली घातली. हयवदन रावांचा राग त्या दिवसांत उतरला होता. टीव्ही चालू राहू लागला. वसुमतीने हे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, चला, ओझं उतरलं एकदाचं.

मग सुखदा म्हणाली, "काका, डेमो तयार आहे. तुम्ही बघायला या ना ऑफिसला. आमचे हेड म्हणाले, तुम्हाला बोलवाच."

हयवदन रावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सुखदाबरोबर ऑफिसच्या कॅबमधून व्हाइटफील्डला पोचेपर्यंत त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. इमारतीच्या मागच्या बाजूला पाण्याचे टँकर ओळीने उभे होते. ते पाहून ते थांबले, पाइप कसा जोडलाय तेही पाहिलं, आणि आत गेले.

हेड होता अभिजीत, नागपूरचा. त्याने उठून, वाकून नमस्कार केला. भिंतीएवढ्या पडद्यावर त्याने दाखवायला सुरुवात केली.

"सर, इराकचा मेन लेसन आमच्या मते हा आहे, की व्हेटिंग, म्हणजे माणसांची तपासणी, लेट झालं आणि फार ढोबळ झालं. पक्षाची पायरी बघून सरसकट काढलं. डेटाच नव्हता ना. आता आपल्याकडे आहे. माणसाचं नाव, नातेवाईक, फोन, कुठे काम केलं, कुठल्या सभेत दिसला, सगळं टाकलं की सिस्टीम त्याचा स्कोअर देते. हिरवा म्हणजे ठेवा, पिवळा म्हणजे नजर ठेवा, लाल म्हणजे काढा. आधी वर्ष लागायचं. आता एखाद्या शहराची सगळी म्युनिसिपालिटी दुपारच्या जेवणाआधी होते."

हयवदन रावांनी सुखदाकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती.

"मी एक नाव टाकू?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल सर. तुम्हीच करा."

त्यांनी खुर्ची ओढली. एका बोटाने, हळूहळू, काझिमचं नाव टाकलं. शहर, हुद्दा, पक्षातली पायरी. मुलांची नावं विचारली होती तिथे रीम लिहिलं. बटण दाबलं. पडदा क्षणभर थांबला आणि मग लाल झाला. पदावरून दूर करावे. आवारात प्रवेश देऊ नये. आणि त्याखाली कारण: काढून टाकल्यावर माळी, सफाई कामगार किंवा रोजंदारी मजूर म्हणून वेष पालटून परतण्याची शक्यता; अशा कामांवरच्या माणसांचे ठसे आधी तपासावेत.

त्यांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे माळ्याचं कुठून आलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

अभिजीत खुशीत होता. "सर, हे तुमच्याच इंटरव्ह्यूमधून. फँटास्टिक इनसाइट होती. कुठल्याच रिपोर्टमध्ये हा पॅटर्न नव्हता. क्लायंटला प्रचंड आवडला."

खोलीत आणखी चार-पाच तरुण बसले होते. त्यांतल्या एकाने टाळी वाजवायला हात वर केले आणि हयवदन रावांचं तोंड पाहून खाली घेतले.

"मी काय सांगितलं होतं," हयवदन राव म्हणाले, "आणि तुम्ही काय ऐकलं. मी सांगितलं, त्या माणसाला काढला म्हणून पोरं आजारी पडली. तो वेष पालटून आला म्हणून बरी झाली. त्यातून तुम्ही शिकलात ते हे, की पुढच्या वेळी त्याला फाटकावरच धरायचा. हुकूम चुकीचा होता असं शिकला नाहीत. हुकूम हळू होता, असं शिकलात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"सर, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे, पण सिक्युरिटी क्लायंटची पहिली—"

"पाणी कोण सोडणार, ते यात कुठे विचारलंय? दाखवा. काढायचा तो काढा, पण त्याच्या जागी पंप कोण लावणार, ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं कुठे आहे?"

"ते सर्व्हिसेसचं मॉड्यूल आहे सर. फेज टू."

"फेज टू," हयवदन राव म्हणाले. "तहान फेज टूची वाट बघते काय रे?" ते उठले. "त्या वेळी चूक झाली, तेव्हा करणारे निदान अडाणी होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं. घरी बसवून, कॉफी पाजून सांगितलं."

परत येताना ते कॅबमध्ये बसले नाहीत. सुखदा दारापर्यंत मागे आली. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मेट्रोने घरी आले. वसुमतीने विचारलं, काय झालं, तर टीव्हीचं बटण बंद केलं. टीव्ही आधीच बंद होता.

दुसऱ्या दिवशी सुखदा आली. वसुमतीने दार उघडलं. हयवदन राव आतूनच म्हणाले, "तिला सांग, मी घरात नाही."

"काका, मी ऐकतेय," सुखदा दारातून म्हणाली. "मला बोलू तरी द्या."

"बोल."

"ते कारण मी लिहिलं नव्हतं. मी तुमची पूर्ण मुलाखत दिली होती, शब्द न् शब्द. त्यातून काय उचलायचं ते सिस्टीम ठरवते, आणि मग अभिजीतची टीम."

"म्हणजे तू नाहीस. सिस्टीम."

"आणि खरं सांगू का? आम्ही नाही केलं तर दुसरं कुणी करेल. इथेच, याच रस्त्यावर, अजून दोन कंपन्या करतायत. मी आत असले तर निदान तुमचं म्हणणं मांडता तरी येईल."

हयवदन राव बाहेर आले. "हेच तो पुतण्या म्हणायचा. मी नसतो तर दुसरा कुणी आला असता. आला असता की. पण शहरानं ज्याला शिव्या घातल्या, तो हाच होता." ते थांबले. "तुला माणूस समजला होता, सुखदा. मी तुझं तोंड बघत होतो. न समजलेल्यांचा मला राग नाही येत."

ती रडली नाही. म्हणाली, "मी ते काढून टाकायला लावीन. आणि पाण्याचा रकानाही घालायला लावीन."

"लाव."

ती भांडली, हे खरं. नंतर वसुमतीला तिने सगळं सांगितलं. वरच्यांशी बैठकांवर बैठका झाल्या. रकाना आला: ही व्यक्ती करत असलेलं काम पुढे कोण करील? पण क्लायंटच्या माणसांनी तो ऐच्छिक ठरवला. भरला तर भरला. आणि माळ्याची ओळ पडद्यावरून गेली, पण हिशेबातून गेली की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. अभिजीत म्हणाला, सिस्टीम एकदा जे शिकली, ते नेमकं वेचून बाहेर काढता येत नाही. महिन्याभरात तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, कुठल्याशा सुपरमार्केटच्या मालाचं काहीतरी.

"पोरीचा काय दोष?" वसुमती एकदा जेवताना म्हणाली. "तिच्या परीनं तिनं केलं."

"नाही दोष. त्या हेल्मेटवाल्या पोराचाही नव्हता. चौकीवरच्या तिघांचाही नव्हता. कुणाचाच नसतो," हयवदन राव म्हणाले. "माणूस मात्र मरतो." त्यांनी ताट सारलं. त्या घरात ताट सारणं हे फार झालं. वसुमतीने ते उचललं, पण सुखदाला घरी बोलावणं सोडलं नाही. सुखदा आली की ते बाल्कनीत जाऊन बसत.

त्यांना एकच गोष्ट करायची राहिली होती, आणि ती ते टाळत होते. रीमला सांगायचं होतं. ईदला अवकाश होता, तरी एका सकाळी त्यांनी फोन लावला. तिचं इंग्रजी आता त्यांच्याहून चांगलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं: शनिवार, रेकॉर्डिंग, लाल पडदा, माळ्याची ओळ. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग तिने विचारलं, "अंकल, त्यात माझं नाव आहे?"

"मुलांची नावं विचारली होती. मीच टाकलं. मला वाटलं..." काय वाटलं होतं, ते त्यांना सांगता येईना. त्या चौकटीत तिचं नाव लिहिताना त्यांना बरं वाटलं होतं, इतकंच खरं होतं.

रीम म्हणाली, "माझं वय तेव्हा सोळा होतं. शाळेत मला पक्षवाल्याची मुलगी म्हणायचे. बाबा सुटून आले तरी म्हणायचे. आता मी चाळिशीकडे चाललेय. मला पुन्हा कुठल्याही यंत्रात कुणाची मुलगी व्हायचं नाही." ती ओरडत नव्हती, पण आवाजाला धार होती. "काढून टाका."

हयवदन राव फोन ठेवून तसेच जिना उतरले. पायात चपला नव्हत्या. सुखदाने दार उघडलं तेव्हा ती ऑफिसला निघाली होती, खांद्यावर बॅग होती.

"डेमोमध्ये मी जे टाकलं, ते अजून तिथे असेल?"

"असेल. टेस्ट एंट्रीज राहतात." ती त्यांच्या पायांकडे पाहत होती. "मी आता त्या प्रोजेक्टवर नाही, काका. माझ्याकडे ॲक्सेस नाही."

"कुणाकडे आहे?"

"अभिजीतकडे."

"चल मग."

"आत्ता?"

"आत्ता. तू कॅबमध्ये बसणारच आहेस."

ती म्हणाली, "चपला घालून या. मी ड्रायव्हरला थांबवते."

सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत दोघं शेजारी शेजारी बसून होती. व्हाइटफील्डच्या त्या इमारतीत खालच्या सुरक्षारक्षकाने पाहुण्याच्या पासासाठी हयवदन रावांचा फोटो मागितला, तर त्यांनी साफ नकार दिला. अभिजीतला खाली यावं लागलं. तो लॅपटॉप काखेत घेऊन आला, अवघडून, आणि तिथेच, लॉबीतल्या सोफ्यावर, सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्याने ती नोंद उघडली.

"दोन्ही नावं," हयवदन राव म्हणाले. ते उभेच होते.

अभिजीतने काझिमचं नाव पुसलं, रीमचं पुसलं. "झालं सर. पण बॅकअपमध्ये काही दिवस राहील, तेवढं सांगून ठेवतो."

"किती दिवस?"

"ते मलाही नक्की माहीत नाही, सर."

"मग माहीत करून घे," हयवदन राव म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर बसले. "मी इथे आहे."

अभिजीतने सुखदाकडे पाहिलं. सुखदाने खांद्यावरची बॅग काढून सोफ्यावर ठेवली, आणि तीही बसली. तो फोन कानाला लावून कुणाला तरी विचारू लागला.